पर्यावरणवादी स्वतः तसे राहतात का?

प्रश्न विचारणारा मुलगा पुण्यातल्या वारज्याचा. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मध्यंतरी तो वेताळ टेकडीवरच्या एका फेरीला गेला आणि घरी आल्यावर त्याने मला लिहिलं, “ताई, टेकडी वाचवा म्हणणाऱ्यांच्या चारचाकी पायथ्याला रांगेने लावल्या होत्या. ज्या काकांनी भाषण केलं त्यांची मुलगी अमेरिकेत आहे, ते दर वर्षी तिकडे जातात. घरात दोन एसी आहेत म्हणे. मग मी यांचं का ऐकायचं? तुम्ही इतक्यांची घरं आतून बघता. खरं सांगा, हे लोक स्वतः तसे राहतात का?”

तुझा प्रश्न रास्त आहे. असं विचारल्याबद्दल तुला कुणी चळवळीचा विरोधक म्हणालं तर मनावर घेऊ नकोस. वीसेक वर्षं मी पुण्यात घरांचं आणि सोसायट्यांचं वीज, पाणी, कचऱ्याचं ऑडिट करते आहे. या कामात आधी माणसाचं ऐकून घ्यायचं आणि मग बारा महिन्यांची बिलं मागायची. चळवळीतल्या पुष्कळांच्या घरी मी अशी बिलं मांडून बसले आहे. त्यांनीच आपणहून बोलावलं होतं, हे आधी त्यांच्या बाजूने सांगायला हवं. त्यातून माझं मत झालंय ते असं: रोजच्या बारीकसारीक गोष्टींत ही माणसं इतरांपेक्षा खरोखर नीट वागतात. मोठ्या गोष्टींत ती आपल्याच ऐपतीच्या शेजाऱ्यांसारखी वागतात. आणि त्यांची खरी परीक्षा जिथे होते ती जागा टेकडीच्या पायथ्याला दिसतच नाही.

बारीक कुठलं आणि मोठं कुठलं हे आकड्यांशिवाय कळत नाही, म्हणून थोडे आकडे सोस. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आपल्या ग्रिडवरची एक युनिट वीज म्हणजे सुमारे ०.७ किलो, कारण अजूनही बरीचशी वीज कोळशावर होते. घरगुती गॅसचं १४.२ किलोचं सिलिंडर संपलं की चाळीसेक किलो. दीड टनाचा एक एसी उन्हाळ्याचे तीन महिने रोज आठ तास चालवला तर आठ-नऊशे युनिट जातात, म्हणजे सहाशे किलोच्या आसपास. रोज वीस किलोमीटर पेट्रोलची गाडी चालवणाऱ्याचा वर्षाचा हिशोब टनाच्या जवळ जातो. आणि मुंबईहून न्यूयॉर्कला जाऊन-येऊन, साध्या वर्गात बसून, माणशी साधारण दोन टन. भारतातल्या सरासरी माणसाचं अख्ख्या वर्षाचं उत्सर्जन जवळपास तेवढंच आहे.

याच्या शेजारी कापडी पिशवी ठेवून बघ. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं निघालं की हवामानाच्या दृष्टीने नवी सुती पिशवी पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला यायची तर ती १३१ वेळा वापरावी लागते. आपल्याकडे जुन्या साडीच्या पिशव्या शिवतात, त्यांना हा हिशोब लागू होत नाही, कारण त्यासाठी नवा कापूस पिकवलेला नसतो. शिवाय प्लास्टिकचं खरं दुखणं कार्बनचं नाहीच. ते नाल्यात तुंबण्याचं, गाईच्या पोटात जाण्याचं, नदीकाठच्या बाभळींना लटकण्याचं आहे. म्हणून पिशवी न्यायचीच. पण कार्बनच्या वहीत पिशवीची नोंद ग्रॅममध्ये होते आणि अमेरिकावारीची टनांत. मी पाहिलेल्या घरांत पिशवी दाराला कायम टांगलेली असते. ओला-सुका कचरा वेगळा असतो, भाजी धुतलेलं पाणी कुंड्यांना जातं, गणपती शाडूचा आणि विसर्जन घरच्या बादलीत. हे सगळं मनापासून केलेलं असतं, मी ते रोज बघते. आणि त्याच घराचं वर्षाचं उत्सर्जन मी मांडते तेव्हा ते शेजारच्या, चळवळीशी काही देणंघेणं नसलेल्या घराच्या आगेमागेच येतं. दोन्ही घरांचं उत्पन्न सारखं असतं, एवढंच त्याचं कारण.

हे नुसतं माझं निरीक्षण नाही. मोझर आणि क्लाइनह्युकेलकोटन या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये जर्मनीतल्या कुटुंबांचा अभ्यास मांडला. ‘मी पर्यावरण जपणारा आहे’ असं ज्यांना वाटतं ते छोट्या, जाणीवपूर्वक करायच्या गोष्टी जास्त करतात, पण एकूण ऊर्जावापर ठरतो तो मुख्यतः उत्पन्नावर. त्याच्या आदल्या वर्षी केंब्रिजच्या अँड्र्यू बामफर्ड आणि सहकाऱ्यांनी निसर्गसंवर्धनात काम करणारे, अर्थतज्ज्ञ आणि वैद्यकीय क्षेत्रातले लोक यांच्या राहणीची तुलना केली. संवर्धकांचा पर्यावरणावरचा ठसा थोडा हलका निघाला, पण थोडाच. विमानप्रवास त्यांचाही भरपूर होता. २०२० मध्ये लॉरेन व्हिटमार्श यांच्या गटाने जगभरातल्या चौदाशेहून जास्त संशोधकांना विचारलं, तर हवामानबदलावर काम करणारे इतर विषयांतल्या संशोधकांपेक्षा जास्त उडत होते. वर्षाला सरासरी पाच विमानं, इतरांची चार. विमान टाळण्याचे, त्याची भरपाई करण्याचे प्रयत्नही तेच जास्त करत होते. म्हणजे काळजी खोटी नाही. माहिती झाली, काळजी वाटली, तरी राहणी बदलत नाही, कारण राहणी पगार, नोकरी, परिषदा, नातेवाईक यांच्या हातात असते.

पुण्यात तर हे फारच उघड दिसतं. कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर, औंध इथल्या जवळपास प्रत्येक इमारतीत एखादं घर असं आहे ज्यातली मुलं बाहेरदेशी आहेत. आईवडील सहा महिने तिकडे, सहा महिने इकडे. मुलीच्या बाळंतपणाला आई गेली, तर त्या विमानावरून मी तिला बोल लावणार नाही आणि तूही लावू नयेस. पण तिने स्वतःच्या वहीत ते लिहावं. ‘मी प्लास्टिक वापरत नाही, म्हणजे माझ्या बाजूने मी सगळं करते’ असं मात्र म्हणू नये. मला अडचण विमानाची नाही, या समजुतीची आहे. ही समजूत पक्की बसली की माणूस पुढचं काही बघतच नाही.

खरोखर कमी उत्सर्जनात जगणारी माणसं मी कुठे पाहिली? थोडी तर ठरवून तशी जगतात. दापोली तालुक्यात कुडावळ्याला जाऊन कमीत कमी गरजांत राहिलेले दिलीप कुलकर्णी पुण्यातल्या अनेकांना माहीत आहेत, आणि त्यांच्या शब्दांना वजन होतं ते त्या राहणीमुळे. पण बहुसंख्य माणसं अशी आहेत ज्यांना कुणी पर्यावरणवादी म्हणत नाही. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली आणि तिच्यातून २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था. दारोदार जाऊन कचरा घेणाऱ्या या बायका एका खोलीत राहतात, बसने किंवा पायी येतात, आणि पुण्याचं प्लास्टिक, पुठ्ठा, काच परत कारखान्याकडे पाठवतात. त्यांच्याकडे आदर्श आणि आचरण असा भेद करायला सवडच नाही. गरिबीतून आलेली काटकसर आदर्श म्हणून मिरवावी असं मी म्हणत नाही. त्यांच्या खोलीत पंखा, फ्रिज, गॅस यायलाच हवा. पण ‘हिरवं’ कोण, हे ठरवताना आपली नजर फक्त भाषण करणाऱ्यांवर जाते, आणि ज्यांनी भाषण केलेलं नाही त्यांच्याकडे जात नाही, हे ध्यानात ठेव.

आता तुझा खरा प्रश्न: मग ऐकायचं का?

टेकडीबद्दल ते जे सांगतात ते खरं की खोटं, याचा त्यांच्या एसीशी काही संबंध नाही. वेताळ टेकडीच्या खडकाच्या भेगांतून पावसाचं पाणी मुरतं, भोवतालच्या विहिरी-बोअरना त्याचा आधार असतो. हे भूजल अभ्यासून तपासता येतं. अंघोळीला योग्य नदीच्या पाण्याची जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजे त्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या आत हवी, हा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. शहरातून वाहणाऱ्या मुठेचं पाणी त्याच्या कितीतरी पट वर जातं. नमुना गाडीतून आणला काय आणि सायकलवरून आणला काय, आकडा तोच येतो. तेव्हा मुद्दा मुद्द्यावर तपास. ‘लोकां सांगे ब्रह्मज्ञान’ म्हणून ब्रह्मज्ञानच टाकून देऊ नकोस.

पण आचरणाचा काहीच संबंध नाही, असं म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. चळवळीत हे वाक्य फार ऐकू येतं: “व्यक्तीच्या राहणीवर बोलू नका, धोरणावर बोला.” त्यामागे कारण आहे. ‘कार्बन फूटप्रिंट’, म्हणजे आपल्या राहणीतून होणाऱ्या उत्सर्जनाचा ठसा, हा शब्द घरोघरी नेला तो बीपी या तेल कंपनीने, २००४-०५ च्या सुमाराला, लोकांना आपापला ठसा मोजायला लावणाऱ्या जाहिरातींतून. तेल काढणाऱ्याने तेल वापरणाऱ्याकडे बोट दाखवायचं, ही चाल ओळखलीच पाहिजे. तरीही लोक कुणाचं ऐकतात याचा अभ्यास झालेला आहे, आणि तो चळवळीला सोयीचा नाही. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात गावोगाव छपरावर सौर पॅनेल बसवण्याची मोहीम झाली. त्यात स्थानिक स्वयंसेवक लोकांना पटवत होते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ज्या स्वयंसेवकांनी त्याच मोहिमेत स्वतःच्या घरावर पॅनेल बसवले, त्यांनी न बसवलेल्यांपेक्षा ६२.८ टक्के जास्त घरं मिळवली. शाझीन अटारी आणि सहकाऱ्यांचा २०१६ चा अभ्यासही हेच सांगतो: सल्ला देणाऱ्या संशोधकाचा स्वतःचा ऊर्जावापर जास्त आहे असं कळलं की त्याच्यावरचा विश्वास घसरतो आणि त्याचा सल्ला पाळण्याची इच्छाही. तुझंच बघ ना. टेकडीवर तू ऐकायला गेला होतास आणि गाड्या मोजून परत आलास. त्या काकांचा मुद्दा त्याने खोटा ठरला नाही, पण तुझ्यापर्यंत पोचला नाही. चळवळीचं हे खरंखुरं नुकसान आहे आणि चळवळीतल्या माणसांनी ते मनावर घ्यायला हवं, असं मला कळकळीने वाटतं.

गाड्यांबद्दल मात्र थोडं थांब. रविवारी सकाळी सातला वाघोलीहून किंवा सिंहगड रस्त्याच्या पार टोकाहून टेकडीच्या पायथ्याला यायला किती बस आहेत, हे एकदा स्वतः करून बघ. ज्या शहराला सायकलींचं शहर म्हणायचे तिथे आज सायकल मार्ग मध्येच संपतो, त्यावर भाजीची गाडी नाहीतर रिक्षा उभी असते. बस वाढवा म्हणणारा माणूस बस नाही म्हणून स्कूटरवर आला, तर त्याच्या बोलण्यात आणि वागण्यात फरक नाही. तो ज्याची तक्रार करतोय तेच भोगतोय. मी लोकांचं वागणं तपासते तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारते, पर्याय हाताशी होता का? एकाच गल्लीतून तीन माणसं तीन गाड्यांतून आली असतील, तर पर्याय हाताशी होता. तिथे तुझं म्हणणं बरोबर आहे.

आणि आता त्या जागेकडे येते जिथे पर्याय पूर्णपणे हाताशी असतो, कुठल्या महापालिकेला किंवा मंत्र्याला विचारावं लागत नाही, आणि तरीही बहुतेकांचं पर्यावरणप्रेम तिथवर पोचत नाही. ती जागा म्हणजे आपल्या स्वतःच्या सोसायटीची सभा.

एरंडवण्यातली एक जुनी सोसायटी सांगते. तीन मजले, सोळा बिऱ्हाडं, मागच्या आवारात एक आंबा, दोन फणस, एक बकुळ आणि कुंपणाला लागून विहीर. पुनर्विकासाचा प्रस्ताव आला. तेवढ्याच जागेवर उंच इमारत, खाली पार्किंगची दोन तळघरं, प्रत्येक सदनिकेला दोन गाड्यांची जागा आणि जुन्या सभासदांना वाढीव क्षेत्रफळ. वीज-पाण्याच्या बाजूने नकाशे बघायला मला बोलावलं होतं. सभेत दोघं जण असे होते ज्यांना मी नदीकाठच्या झाडांसाठीच्या आंदोलनांत कायम पाहत आले. त्यातल्या एका गृहस्थांनी सबंध सभेत एकच गोष्ट लावून धरली, दुसरं पार्किंग लिफ्टवालं नको, सरळ हवं. झाडांचा विषय निघाला तेव्हा ते मोबाइलमध्ये बघत राहिले. दुसऱ्या बाई सत्तरी ओलांडलेल्या. त्यांनी नकाशा स्वतःपुढे ओढला आणि वास्तुविशारदाला विचारलं, “यात झाडं कुठायत?” नकाशावर झाडं नव्हतीच. आवार कोरं दाखवलं होतं. “पुनर्रोपण करू,” तो म्हणाला. “एवढा मोठा फणस दुसरीकडे लावून जगलेला मला पुण्यात एक दाखवा, मग बोलू.” महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष धरलं जातं आणि तोडायचंच झालं तर झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात, हे त्यांना तोंडपाठ होतं. पण कायद्यावर त्या थांबल्या नाहीत. त्यांनी एकेका सभासदाला विचारलं, दुसरं पार्किंग खरंच हवंय का? बहुतेकांकडे एकच गाडी होती, काहींकडे तीही नव्हती. ‘देतायत तर घेऊ’ एवढंच होतं. पुढच्या सभेपर्यंत बहुतेकांनी दुसरी जागा सोडून दिली, एक तळघर रद्द झालं आणि उताराची जागा सरकली. आंबा गेला. फणस, बकुळ आणि विहीर राहिली.

आता हिशोब कर. सिमेंट आणि लोखंड धरून नव्या बांधकामाचं उत्सर्जन चौरस मीटरला साधारण ३०० ते ५०० किलो पडतं. सहाशे चौरस मीटरचं तळघर टळलं म्हणजे अडीचशे टनांच्या घरात उत्सर्जन टळलं. त्या बाईंचा मुलगाही अमेरिकेत आहे, त्याही विमानाने जातात. शंभराहून जास्त वाऱ्यांइतकं त्यांनी एका सभेत वाचवलं. तू त्यांना टेकडीच्या पायथ्याला गाडीतून उतरताना पाहिलं असतंस तर काय म्हणाला असतास?

आणि दुसरीकडे, दुसऱ्या पार्किंगसाठी भांडणारे ते गृहस्थ सायकलने फिरतात, खादी घालतात, घरी एसी नाही. तुझ्या मोजमापात ते पहिले आले असते. मला त्यांच्या नदीसाठीच्या कामाचा आदर आहे, तो आजही आहे. पण ज्या एका ठिकाणी त्यांच्या हातात मत होतं तिथे त्यांनी ते वापरलं नाही. अशा जागा पुण्यात आज शेकड्यांनी आहेत. जुन्या इमारती पाडल्या जात आहेत, आवारातली झाडं जात आहेत, मातीची जमीन काँक्रीटखाली जाते आहे, आणि प्रत्येक ठिकाणी सभासदांच्या सह्या लागतात. नदीकाठच्या झाडासाठी मानवी साखळी करणारे हात तिथेही सही करत असतात. गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेली, कुलूप लावलेली दुसरी सदनिका तर कुणी उत्सर्जनात धरतच नाही. हजार चौरस फुटांच्या अशा एका घराच्या बांधकामातच तीस-चाळीस टन गेलेले असतात.

सांडपाण्याचं तसंच. २००६ च्या अधिसूचनेनुसार वीस हजार चौरस मीटरवरच्या बांधकाम प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते, आणि मोठ्या सोसायटीत सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प, ज्याला सगळे एसटीपीच म्हणतात, तो असतो. बाणेरच्या बाजूच्या अशाच एका सोसायटीच्या समितीत नदीवर सातत्याने लिहिणारे एक गृहस्थ होते. मी तळघरातल्या एसटीपीच्या खोलीत गेले तेव्हा दारातच सडक्या अंड्यासारखा वास आला. एरेशन टाकीतलं, म्हणजे जिथे पाण्यात हवा सोडतात त्या टाकीतलं, पाणी एक लिटरच्या नळकांड्यात घेऊन अर्धा तास ठेवलं. प्रकल्प जिवंत असेल तर गाळ तपकिरी असतो, मातीसारखा वास येतो आणि तो सावकाश खाली बसून वर निवळ पाणी राहतं. इथे काळपट गढूळ राहिलं. ऑपरेटर आधी काही बोलेना, मग म्हणाला, “मॅडम, रात्री ब्लोअर बंद ठेवायला सांगितलंय. बिल जास्त येतं.” ब्लोअर म्हणजे टाकीत हवा सोडणारं यंत्र. हवा बंद झाली की घाण खाणारे जिवाणू काही तासांत गुदमरतात. मग ते पाणी पावसाळी गटारात, तिथून रामनदीत, रामनदीतून मुळेत. जपानच्या जायका संस्थेच्या मदतीने होणाऱ्या महापालिकेच्या प्रकल्पात रोज मिळून ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेची अकरा शुद्धीकरण केंद्रं आहेत, त्यांच्या दिरंगाईवर त्या गृहस्थांनी लिहिलेलं सगळं बरोबर होतं. फक्त आपल्या पायाखालच्या खोलीत ते कधी उतरले नव्हते. मी त्यांना खाली नेलं. त्यांच्याबद्दल चांगलं सांगायचं तर त्यांनी एकही सबब सांगितली नाही, आणि त्याच आठवड्यात ब्लोअर चोवीस तास सुरू झाला. मग शुद्ध पाणी फ्लशला जोडून घेतलं. माणशी रोज १३५ लिटर पाण्याचं मानक धरतात, त्यातलं ४५ लिटर फ्लशला जातं. म्हणजे एक तृतीयांश गरज तिथेच भागते आणि टँकर कमी होतात. वीज वाढली, टँकरचा खर्च घटला.

कचऱ्यावर एकच सांगते, कारण मला तो सर्वांत लागतो. वर्षानुवर्षं पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या उशाशी ओतला गेला. तिथल्या विहिरींचं पाणी नासलं, गावकऱ्यांनी कितीदा गाड्या अडवल्या. त्यांच्या बाजूने बोलणारे पुष्कळ आहेत. पण आपल्याच आवारात ओल्या कचऱ्याचं खत करायची वेळ आली की ‘आमच्या खिडकीखाली नको’ असं म्हणणाऱ्यांत त्यांतलेही असतात. एसी लावणं ही उणीव आहे, समजू शकते. आपल्या घाणीचा भार दुसऱ्याच्या दारात ठेवून निसर्गाबद्दल बोलणं याला मी तेवढी सहज माफी देऊ शकत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कुणाला तपासायचं असेल तर पार्किंगमध्ये उभा राहू नकोस. त्यांना सरळ विचार, तुमच्या इमारतीचा एसटीपी चालतो का, तुमच्या पुनर्विकासात झाडांचं काय ठरलं, ओला कचरा कुठे जातो. चांगला माणूस या प्रश्नाने रागावत नाही. काही जण तर हल्ली आपली बिलं व्याख्यानात पडद्यावर दाखवतात, विमानासकट. मी त्याचं मनापासून स्वागत करते. आणि टेकडीवर पुन्हा जा. बसने जा.

तुझ्या घरच्यासाठी म्हणून सांगते: सहकारी सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. बाबा सभासद असतील तर त्यांच्यामार्फत आधी लेखी मागून घे: सामाईक मीटरची बारा महिन्यांची वीजबिलं, टँकरच्या पावत्या आणि एसटीपी असेल तर त्याचं लॉगबुक. लिफ्ट, पंप आणि दिव्यांची वीज छपरावरच्या सौर पॅनेलवर नेता येते. एक किलोवॅट पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिटं देतं, वर्षाला साधारण एक टन उत्सर्जन टळतं, आणि २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. हा ठराव मांडायला कुणी मोठं माणूस लागत नाही. आकडे मांडलेला एक कागद लागतो, तो तू करू शकतोस. लॉगबुक हातात आलं की ब्लोअरच्या तासांचा रकाना बघ. रोज तोच आकडा, एकाच पेनाने, एकाच हातात लिहिलेला दिसला, तर तो एका बैठकीत भरलाय असं समज, आणि खाली उतरून एसटीपीचा विजेचा मीटर स्वतः वाच, सलग दोन दिवस, रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर.